प्रथमोपचाराची परीक्षा : आधी पाहावे, मग धावावे



बेणे कोणते घ्यावे, पाण्याची पाळी केव्हा द्यावी, खताचा हप्ता कसा विभागावा, यावर या पानांतून आपण पुष्कळ बोललो. आज उसाबद्दल नाही, ऊस पिकवणाऱ्या माणसाबद्दल बोलायचे आहे.

आम्ही काही जण प्रथमोपचाराच्या परीक्षेला बसलो होतो. लेखी पेपर झकास गेला. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक. खोलीच्या कोपऱ्यात एक माणूस पालथा पडलेला, शेजारी मोटारीचा खोका, वायर त्याच्या हाताखाली. नाव पुकारल्याबरोबर आमच्यातला एक जण धावत गेला आणि त्याने पडलेल्याचा खांदा धरला. परीक्षक खुर्चीवरूनच म्हणाले, "थांबा जी. तुमी बी मेले. आता मुर्दे दोन झाले."

सगळे हसले. पण घरी येताना कोणी हसत नव्हते. असाच खोका आपल्या प्रत्येकाच्या विहिरीवर आहे, आणि तिथे परीक्षक बसलेला नसतो.

हा धडा त्या परीक्षेतून शिकलेला आहे. आपल्या घरातील जो मुलगा किंवा मुलगी या परीक्षेला बसेल, त्यांच्याकरिता तो लिहीत आहोत.

ही परीक्षा कशाकरिता?

१९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० च्या वर कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष, असा दंडक घालून दिला. पेटी ज्याच्या ताब्यात, त्याच्याजवळ प्रथमोपचाराचे मान्य प्रमाणपत्र हवे, हेही त्यातच आले. ही झाली फाटकाच्या आतली गोष्ट. पण कोयता लागतो तो फडात, साप चावतो तो बांधावर आणि फवारणीचे औषध अंगावर सांडते ते शेतात. तिथे पेटीही नसते आणि प्रमाणपत्रवालाही नसतो. ही उणीव आपणच भरून काढायची आहे.

शिकण्याच्या पायऱ्या दोन. पहिली पायरी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स व रेडक्रॉस यांच्या प्रथमोपचार वर्गांची. सेंट जॉनचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, नंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. दुसरी पायरी इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनची, म्हणजे रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्याची. हा अभ्यासक्रम मोठा असतो आणि त्यात लेखीबरोबर प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षाही होते. नाव नोंदवण्याआधी संस्थेची मान्यता आणि प्रवेशाची अट लेखी मागून घ्यावी. फी भरून मग चौकशी करू नये.

उत्तराचा क्रम

प्रश्न कोणताही येवो, उत्तराचा क्रम एकच ठेवावा.

(१) जागा पाहा. वायर, आग, वाहने, साप, वायू यांपैकी काय आहे? मोटारीजवळ माणूस पडला असेल तर आधी मेन बंद करावी, मगच हात लावावा. मळीच्या टाकीत किंवा जुन्या विहिरीत एक जण बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उतरू नये. विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

(२) शुद्ध पाहा. याचे दर्जे चार : जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमट्याला हलतो, कशालाच हलत नाही. "बेशुद्ध आहे" एवढेच न सांगता कोणता दर्जा ते सांगावे.

(३) श्वास पाहा. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. अधूनमधून आचके येत असतील तर तो श्वास धरू नये.

(४) रक्त पाहा. भळभळ वाहत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरावे, वारंवार उचलून पाहू नये.

(५) माहिती विचारा. प्रश्न सहा : काय होते? कशाची ॲलर्जी? कोणते औषध चालू? आधीचा आजार? शेवटी काय व केव्हा खाल्ले? हे कसे घडले? उत्तरे कागदावर लिहून रोग्याबरोबर पाठवावीत.

श्वास नसेल किंवा रक्त वाहत असेल तर पाचव्या पायरीची वाट न पाहता तिथेच काम सुरू करावे, आणि एकाला लगेच फोनला लावावे.

फोनवर काय सांगावे?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. फोन फुकट लागतो. पण फोन घेणारा आपल्या गावचा नसतो. नुसते "अर्जुनी" म्हटले तर मोरगाव अर्जुनी की सडक अर्जुनी? नुसते "गोरेगाव" म्हटले तर त्याला आधी मुंबईचे आठवेल. म्हणून जिल्हा गोंदिया, मग तालुका, मग गाव, मग ठळक खूण या क्रमाने सांगावे. किती माणसे जखमी, काय झाले, हे सांगून समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नये. एका पोराला रस्त्यावर उभे करावे.

हमखास येणारे पाच प्रश्न

*श्वास बंद.* छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. ३० दाब, मग २ श्वास. ३० दाबांना १५ ते १८ सेकंद लागले पाहिजेत. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यावी. श्वास देणे जमत नसेल तर नुसते दाब द्यावेत, पण थांबू नये.

*बुडालेला माणूस.* बोडीतून किंवा तलावातून काढलेल्याला पालथे टाकून पोट दाबणे, उलटा धरून फिरवणे हे चुकीचे आहे, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर इथे आधी तोंडाने श्वास, मग दाब.

*सर्पदंश.* आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. दवाखान्यातले प्रतिविष या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून आणण्यात वेळ दवडू नये. कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अंगठी, कडे, जोडवी काढावी. हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नये, चालवू नये. मण्यारीचा दंश नीट ध्यानात ठेवावा : रात्री खाली निजलेल्याला चावते, फारसे दुखत नाही, खूणही दिसेना. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. अशा माणसाला "गॅस झाला असेल" म्हणून घरी ठेवू नये.

*कोयत्याची जखम.* आधी दाब. दाबूनही हातापायाचे रक्त थांबत नसेल आणि जीव जात असेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळावी व वेळ लिहावी. परीक्षेत येथे भले भले चुकतात. तीच पट्टी येथे जीव वाचवते आणि सर्पदंशात पाय घालवते.

*कीटकनाशकाची बाधा.* लाळ, घाम, बारीक झालेली बुबुळे, घरघर. हातमोजे घालून कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. औषधाची बाटली रोग्याबरोबर पाठवावी.

अभ्यास कसा करावा?

आमचा अनुभव असा की पाठांतरवाला लेखीत पास होतो आणि हाताने करणारा प्रात्यक्षिकात. दोन्हीत पास व्हायचे तर जोडीने शिकावे. रोज संध्याकाळी अर्धा तास, एक रोगी, एक उपचार करणारा, तिसरा घड्याळ घेऊन परीक्षक. त्रिकोणी पट्टीला दुपट्टा चालतो, खपच्चीला उसाचे कांडेही चालते. दाबाचा सराव तांदळाच्या कट्ट्यावर करावा, जिवंत माणसाच्या छातीवर कधीही करू नये. प्रत्येक पायरी तोंडाने मोठ्याने म्हणावी, कारण परीक्षकाला तुमच्या मनातले दिसत नाही. "जागा सुरक्षित आहे" हे पहिले वाक्य. ते विसरले की आमच्यासारखे होते.

एक भीती

"कोर्टाची भानगड कोण मागे लावून घेईल?" असे पुष्कळ सभासद म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. रस्त्यावरील अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले असून नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. देवरी-कोहमाऱ्याच्या महामार्गावरून जाणाऱ्या आपल्या ट्रॅक्टरवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय

१. विहिरीत एक जण बेशुद्ध आहे. दोर आहे, माणसे चार आहेत. पहिले काम कोणते?
२. आवळपट्टी केव्हा बांधावी आणि केव्हा बांधू नये?
३. आपल्या शेताचा पत्ता १०८ ला सांगायचा तसा तीन ओळींत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच कागदावर लिहून मोटारीच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा. परीक्षेला बसा किंवा न बसा, एवढे काम प्रत्येक सभासदाने करावे. आमचा तो गडी दुसऱ्या वेळी पास झाला. प्रमाणपत्र त्याने पेटीत ठेवले आहे. पण पावसाळ्यात मोटारीकडे जाताना तो अजूनही दोन पावले अलीकडे थांबतो, वायर पाहतो आणि मगच हात पुढे करतो.