मुलांचा गृहपाठ आणि पालकांची जबाबदारी

मुलांच्या गृहपाठात आई-वडिलांनी कितपत मदत करावी, हा प्रश्न वरवर पाहता शाळेचा वाटतो. वस्तुतः तो तरबियतचा प्रश्न आहे. मूल त्या वहीवर केवळ गणित आणि भाषा शिकत नसते. आपले काम आपण करावे, न आल्यास विचारावे आणि जे आपण केले नाही ते आपले म्हणून सांगू नये, हेही ते तेथेच शिकते. म्हणून या प्रश्नाकडे पवित्र कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणाच्या प्रकाशात पाहणे आवश्यक आहे.

आपल्या भागातील परिस्थिती

कंधार आणि एकूणच नांदेड-लातूर भागातील मुस्लिम कुटुंबांत हा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि कारभाराची भाषा मराठी झाली. पुढील पिढ्यांतील कोणी उर्दू शाळेत शिकले, कोणी मराठी शाळेत. आज त्यांचीच मुले सेमी-इंग्रजी किंवा इंग्रजी माध्यमात जातात आणि घरात सर्वजण दखनी बोलतात. त्यामुळे मुलाच्या वहीतील भाषा पुष्कळदा आई-वडिलांच्या शाळेची भाषा नसते.

यातून दोन टोके निर्माण झाली आहेत. काही पालक आपल्याला यातले काही कळत नाही असे म्हणून सर्व शिकवणीवर सोपवतात आणि वहीकडे पाहतही नाहीत. दुसरे पालक मुलाचे सारे काम स्वतःच उरकतात. उत्तरे सांगून लिहून घेतात, चित्रे काढून देतात, प्रकल्प दुकानातून तयार आणतात. एकाने जबाबदारी टाकली आणि दुसऱ्याने मुलाचा वाटाच काढून घेतला. इस्लामची शिकवण या दोन्ही टोकांपासून दूर आहे.

जबाबदारी टाळता येणार नाही

सूरह तहरीमच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना स्वतःबरोबर आपल्या कुटुंबीयांनाही नरकाग्नीपासून वाचविण्याचा आदेश आहे. बुखारी व मुस्लिम यांतील सुप्रसिद्ध हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) प्रत्येकाला राखणदार म्हटले असून त्याच्या ताब्यातील लोकांबद्दल त्याला जाब विचारला जाईल असे बजावले आहे. पुरुषाला घरातील माणसांबद्दल आणि स्त्रीला पतीचे घर व त्याची मुले यांबद्दल उत्तर द्यावयाचे आहे. शिकवणीची फी भरली म्हणून हा जाब संपत नाही.

मदतीची मर्यादा

मग मदत किती करावी? अबू दाऊद यांनी हजरत अनस (रजि.) यांच्याकडून नोंदविलेला एक प्रसंग येथे मार्ग दाखवितो. मदीनेतील एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे (स.) काही मागण्यासाठी आले. घरात काय आहे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) ते मागवून दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे घरासाठी धान्य आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणावयास सांगितले. पाते आणल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवून दिला आणि पंधरा दिवस दृष्टीस न पडता लाकूड तोडून विकण्यास पाठविले. ते गृहस्थ परत आले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहमची कमाई होती.

या प्रसंगात मदत कोठे आहे आणि कोठे थांबली आहे, हे पाहावे. परिस्थितीची विचारपूस प्रेषितांनी (स.) केली, साधन मिळवून दिले आणि दांडाही स्वतः बसविला. लाकूड मात्र त्या गृहस्थांनाच तोडावे लागले. गृहपाठातही पालकांची मर्यादा हीच आहे. जागा, वेळ, वही-पेन, शांतता, प्रश्न समजून घेण्यास आधार आणि मनापासून लक्ष, एवढे पालकांनी द्यावे. उत्तर मुलानेच शोधावे. सूरह नज्मच्या एकोणचाळिसाव्या आयतीचा आशयही हाच आहे की, मनुष्याच्या वाट्याला त्याने केलेला प्रयत्नच येतो.

चुकू द्यावे, मग शिकवावे

हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात की, एका व्यक्तीने मशिदीत घाईघाईने नमाज पढली. प्रेषितांनी (स.) त्याला परत जाऊन पुन्हा पढण्यास सांगितले. असे तीन वेळा घडले. अखेर त्याने आपल्याला याहून चांगले येत नाही, आपण शिकवावे, अशी विनंती केली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला एकेक कृती क्रमाने समजावून सांगितली (बुखारी, मुस्लिम). आधी स्वतःच्या प्रयत्नाची संधी दिली आणि शिकण्याची इच्छा जागी झाल्यावर शिकवण दिली. मुलाने गणित चुकविले की लगेच पेन्सिल हाती घेणाऱ्या पालकांनी या क्रमाचा विचार करावा.

शिकविण्याची भाषाही महत्त्वाची आहे. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करताना प्रेमाने बाळा अशी हाक तीन वेळा मारतात. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी जेवताना ताटात सगळीकडे हात फिरवीत. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहचे नाव घेणे, उजव्या हाताने जेवणे आणि आपल्या पुढ्यातले खाणे, एवढ्या तीनच गोष्टी सांगितल्या. पुढे आयुष्यभर आपली जेवण्याची रीत तीच राहिली, असे ते सांगत. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे सेवा केली, पण त्यांना प्रेषितांकडून (स.) कधी त्रासिक शब्द ऐकावा लागला नाही. ज्या घरात वही उघडताच ओरडणे सुरू होते, तेथे मुलाच्या मनात ज्ञानाबद्दल ओढ कशी राहील?

आधुनिक संशोधनातही याला पुष्टी मिळते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी पहिली-दुसरीच्या मुलांविषयीचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची भीती वाटे आणि जे गृहपाठात वारंवार मदत करीत, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि मुलांचीही भीती वाढली. भीती असूनही जे पालक कमी मदत करीत, त्यांच्या मुलांत हा परिणाम दिसला नाही.

दुसऱ्याने केलेले काम

पालकांनी किंवा दुकानदाराने केलेला प्रकल्प मुलाच्या नावाने शाळेत देणे, ही किरकोळ बाब समजली जाते. सूरह आले इमरानच्या १८८ व्या आयतीत, जे कार्य आपण केले नाही त्याबद्दल आपली प्रशंसा व्हावी असे इच्छिणाऱ्यांना कठोर इशारा दिलेला आहे. मुस्लिमच्या हदीसनुसार, बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा फसविणारा आपल्यापैकी नाही, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले. वरून सुबक आणि आतून मुलाचे काहीच नसलेली प्रकल्पवही त्या राशीसारखीच आहे. वेडीवाकडी का होईना, मुलाच्या हातची वही अधिक प्रामाणिक आहे.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही

ज्यांना शाळा लाभली नाही, त्या पालकांनी स्वतःला असमर्थ समजू नये. बद्रच्या युद्धातील ज्या कैद्यांजवळ खंडणी नव्हती, त्यांनी अन्सारांच्या मुलांना लिहिणे शिकवावे, हीच त्यांची खंडणी ठरविण्यात आली होती. मोठ्यांनी मुलांसाठी शिक्षक मिळवून दिले. इमाम शाफई (रह.) यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. त्यांच्या मातेने त्यांना गझ्झाहून मक्केला आणले. शिक्षकाला देण्याइतके पैसे तिच्याजवळ नव्हते, आणि कागदाअभावी मुलगा हाडांवर लिहीत असे. त्या मातेने मुलाला ज्ञानाच्या दारापर्यंत आणले. पुढचे कष्ट मुलाचे होते.

निरक्षर आईही मुलाला समोर बसवून आज शाळेत काय शिकलास, ते मला आपल्या बोलीत सांग, असे म्हणू शकते. जो दुसऱ्याला समजावून सांगतो, त्याला स्वतःलाही अधिक समजते. मात्र धाकट्यांच्या गृहपाठाचा सर्व भार थोरल्या मुलीवर टाकू नये. तिलाही स्वतःचा अभ्यास असतो. अपत्यांमध्ये न्याय करण्याचा प्रेषितांचा (स.) आदेश येथेही लागू आहे.

गृहपाठ किती असावा?

केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीसाठी दिवसाला एक तास आणि नववीपासून पुढे दिवसाला दोन तास, असे प्रमाण सुचविले आहे. मुलाला रोज रात्री उशिरापर्यंत लिहावे लागत असेल, तर त्याचे काम आपण करून देणे हा उपाय नव्हे. शिक्षकांशी नम्रपणे बोलावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तेथे हा विषय मांडता येतो.

काही व्यावहारिक सूचना

१. मगरिब ते इशा यांमधील काही वेळ अभ्यासासाठी ठरवावा. त्या वेळी टीव्ही बंद आणि मोठ्यांचे मोबाइलही बाजूला असावेत.
२. अभ्यासाचा प्रारंभ बिस्मिल्लाह आणि ज्ञानवृद्धीच्या दुआने व्हावा.
३. मूल अडल्यास प्रथम प्रश्न मोठ्याने वाचावयास सांगावा. नंतर पुस्तकातील उदाहरण दाखवावे. उत्तर सांगू नये.
४. तरीही न आल्यास ती जागा कोरी ठेवून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारण्यास सांगावे. कोरी जागा ही लाजेची बाब नाही.
५. इयत्ता वाढेल तसतसे दूर सरकावे. पहिलीत शेजारी बसावे, पाचवीत हाकेच्या अंतरावर असावे, आठवीत झालेले काम फक्त पाहावे.

दहावीनंतर आपल्या तालुक्यातील कितीतरी मुले-मुली नांदेड किंवा लातूरला शिकावयास जातात. तेथील खोलीत आई नसते आणि वडीलही नसतात. तेथे लहानपणापासून लागलेली स्वतः कष्ट करण्याची सवय आणि अल्लाह पाहत आहे ही जाणीवच त्यांच्या उपयोगी पडते. ती सवय आज घरातील दिव्याखाली लागत आहे की मोडत आहे, याचा विचार प्रत्येक माता-पित्याने करावा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

• गेल्या आठवड्यात मुलाच्या वहीतील किती काम त्याचे स्वतःचे होते?
• चूक दिसल्यावर आपला पहिला शब्द कोणता असतो?
• कुऱ्हाडीच्या प्रसंगातील दांडा आपल्या घरी कोणता आहे, आणि तो आपण बसवून दिला आहे काय?

अल्लाह आमच्या मुलांना लाभदायक ज्ञान, प्रामाणिक कष्टाची आवड आणि आम्हाला त्यांच्या तरबियतसाठी सब्र व शहाणपण प्रदान करो. आमीन.