करवतमाशी, गांधीलमाशी आणि उंबरातील केंबरे

कृष्णा-तारळी संगमाच्या आपल्या उंब्रज परिसरात हिवाळ्यात मुळ्याच्या किंवा मोहरीच्या पानांना भोके दिसली की ‘अळी लागली’ असे आपण सहज म्हणतो. त्या काळपट अळीचे पाय मात्र एकदा मोजून पाहावेत. फुलपाखरे आणि पतंग यांच्या अळ्यांना पोटावर सहसा पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. हिला आठ असतात. ही पतंगाची संतती नव्हेच, ती अथालिया नावाच्या करवतमाशीची अळी होय. पतंगांच्या अळ्यांसाठी वापरले जाणारे बीटी जिवाणूंचे औषध हिच्यावर चालत नाही. नाते चुकीचे ओळखले, तर फवारणीचा खर्च वाया जातो.

करवतमाशीची मादी करवतीसारख्या अवयवाने पानाची कड चिरून आत अंडी घालते. नावाने माशी असली तरी घरमाशीशी तिचे जवळचे नाते नाही. तिचे आप्त म्हणजे गांधीलमाशी, मधमाशी आणि मुंगी. या सर्वांच्या गणाला हायमेनॉप्टेरा म्हणतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७३ कीटकजातींची ३,२५६ जनुके ताडून पाहण्यात आली. त्यानुसार हा गण सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी उगम पावला. मध्य आशियात आणि ऑस्ट्रेलियात सापडलेले त्याचे सर्वांत जुने जीवाश्मही करवतमाश्यांचेच आहेत.

गांधीलमाशीची कंबर बारीक, करवतमाशीची जाड. यावरून जुन्या अभ्यासकांनी सर्व जाड कंबरवाल्यांचे एक कूळ मानले होते. ते टिकले नाही. ओरुसिड नावाच्या जाड कमरेच्या माश्यांच्या अळ्या पाने खात नाहीत. लाकूड पोखरणाऱ्या कीटकांच्या अळ्यांवर त्या वाढतात, आणि त्यांचे सर्वांत जवळचे नाते गांधीलमाश्यांशी आहे. म्हणजे आहार आधी बदलला, कंबर नंतर बारीक झाली. बारीक कमरेमुळे पोट हवे तसे वळवून नेमक्या जागी अंडे घालता येऊ लागले. पुढे काही शाखांत अंडी घालण्याच्या त्याच अवयवाची नांगी झाली. म्हणूनच नर गांधीलमाशी डंख करू शकत नाही. आणखी एक नवल म्हणजे मुंगी ही गांधीलमाशीपेक्षा मधमाशीला जवळची आहे.

‘उंबर फोडून केंबरे काढणे’ हा वाक्प्रचार आपण नको ते उकरून काढण्याबद्दल वापरतो. अभ्यासासाठी मात्र उंबर अवश्य फोडावे. उंबराचे फूल दिसत नाही, कारण असंख्य फुले फळाच्या आतच असतात. केंबऱ्याची मादी परागकण घेऊन फळाच्या तोंडातून आत शिरते, त्या खटपटीत तिचे पंख तुटतात. तेथेच अंडी घालून ती मरते. तिच्या बिनपंखी पुत्रांचे आयुष्य बहुधा त्या फळातच सरते. लेकी मात्र परागकण घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात.

या केंबऱ्यांचीच एक चुलत बहीण आपल्या ऊसउत्पादकांच्या नित्य परिचयाची आहे. ट्रायकोकार्डमधून बाहेर पडणारी, एक मिलिमीटरहूनही लहान ट्रायकोग्रामा खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि कीड जन्मापूर्वीच संपवते. कार्ड पानाच्या खालच्या बाजूस लावावे, आणि त्यानंतर काही दिवस त्या फडात कीटकनाशक फवारू नये. ते ट्रायकोग्रामालाही मारते.