विलंबित मृत्युनोंद : स्थळ, पुरावा आणि आदेश

बीड जिल्ह्यातील एखादा ऊसतोड कामगार गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील फडावर अल्पशा आजाराने मरण पावतो. टोळीतील माणसे तेथेच अंत्यविधी उरकतात आणि हंगाम संपताच बिऱ्हाड गावी परतते. तीन-चार वर्षांनी त्याची पत्नी सातबाऱ्यावर वारसनोंद करून घ्यावयास अथवा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज द्यावयास जाते, तेव्हा प्रथम मृत्यूचा दाखला मागितला जातो. गाव तिला विधवा म्हणून ओळखते. दप्तराच्या लेखी मात्र तिचा पती हयात असतो. प्रसंग कल्पित असला, तरी ग्रामपंचायतीच्या कारभाराशी परिचय असणाऱ्यास तो नवा वाटू नये.

अशा वेळी पहिली चूक होते ती स्थळाची. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 अन्वये मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथील निबंधकाकडे होते. मृताचे मूळ गाव कोणते, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. त्यामुळे बीडमधील ग्रामपंचायतीने अर्ज नाकारला तर ती अडवणूक नव्हे. परंतु बाईंना केवळ परत न पाठविता कोठे जावे हे सांगणे, हे त्या कार्यालयाचे काम निश्चितच आहे.

मृत्यूची खबर 21 दिवसांत द्यावयाची असते. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. 30 दिवस उलटल्यावर वर्षाच्या आत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना निबंधकास नोंद करता येत नाही. हा आदेश पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत असत, म्हणून आजही अनेक अर्जदार वकिलासह न्यायालयाची पायरी चढतात. 2023 च्या सुधारणेनुसार, 1 ऑक्टोबर 2023 पासून हा अधिकार मृत्युस्थळाच्या क्षेत्रातील जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. हा बदल शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावात आवर्जून सांगावा. त्याने एका गरीब कुटुंबाचा कितीतरी खर्च वाचेल.

अर्जापूर्वी मृत्युस्थळाच्या निबंधकाकडून नोंद आढळत नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. कधी कधी शोध घेता नोंद सापडतेही. रुग्णालयातील मृत्यूची खबर देणे ही रुग्णालयाचीच जबाबदारी असते.

खरी कसोटी पुराव्याची आहे, कारण आदेशापूर्वी दंडाधिकाऱ्याने घटनेच्या सत्यतेची पडताळणी करणे कायद्याने आवश्यक आहे. आज लिहून घेतलेल्या जबाबापेक्षा मृत्यूच्या वेळी तयार झालेला कागद अधिक बोलतो : उपचाराची चिठ्ठी, स्मशानभूमीची पावती, असल्यास पोलिसांचा पंचनामा. असे काहीच नसेल तर अंत्यविधीस हजर असलेल्या साक्षीदारांवर भिस्त ठेवावी लागते. तेव्हा मुकादम आणि टोळीतील सोबती यांना शोधून काढणे, हेच अर्जदारापुढील सर्वांत अवघड काम होऊन बसते. महाराष्ट्रात 2025 पासून विलंबित नोंदींची छाननी अधिक कडक झाली आहे. त्यामुळे अंदाजाने लिहिलेली तारीख किंवा आधारपत्र व सातबारा यांवरील नावातील तफावत अर्ज रखडवू शकते.

आदेश हाती आला म्हणजे दाखला मिळाला, असे नाही. तो घेऊन विहित शुल्कासह पुन्हा मृत्युस्थळाच्या निबंधकाकडेच जावे लागते. नोंदवहीत नोंद झाल्यावर तेथूनच दाखला मिळतो.