लसूणघासातली हरणखुरी

१. आधी वेल ओळखा. पिवळी, बिनपानांची, मातीत मूळ नसलेली ती अमरवेल. ती घासाचाच रस पिते, म्हणून घासासकट कापून जाळावी. हरणखुरी हिरवी असते, पानं खुराच्या आकाराची, फुलं पांढरी-गुलाबी. तिची सारी ताकद जमिनीखाली असते, त्यामुळे वरची वेल जाळून काही होत नाही.

२. नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या काळ्या जमिनीत तिची मुळं मीटरभराहून खोल जातात. दोन बोटांचा तुटका तुकडासुद्धा पुन्हा फुटतो. अशा वावरात रोटाव्हेटर फिरवला की एका वेलीच्या पन्नास होतात. घास लावण्याआधी खोल नांगरट करून मुळं वेचा आणि भर उन्हाळ्यात वाळू द्या.

३. खरी अडचण उभ्या घासात आहे. आरएल-८८ सारखा बहुवर्षायू घास तीन-चार वर्षं राहतो, तिथे वखर घालता येत नाही. विळा वरून जातो, जमिनीलगतची वेल वाचते आणि कापणीनंतरचं मोकळं ऊन तिच्याच कामी येतं. म्हणून प्रत्येक कापणीनंतर ओलित द्यावं आणि वाफसा येताच खुरपं खोल घालावं. सगळं मूळ हाती लागणार नाही, हे धरूनच चाला. पाला वाढू दिला नाही तर मुळात साठवलेलं अन्न हळूहळू संपतं. एका हंगामात हे होत नाही. पण निंदणाची एक पाळी चुकली की तिला पुन्हा बळ मिळतं, आणि मजुरी वाया जाते ती इथेच.

४. २,४-डी हे तणनाशक घासावर मारू नका. घासही रुंद पानांचाच, तोही मरतो. ज्वारी-मक्याच्या चाऱ्यात ते चालतं, पण आपल्याकडे धुऱ्यापलीकडे पऱ्हाटी असतेच. वाऱ्याने गेलेल्या थोड्याशा थेंबांनीही तिची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरतात. त्याचा पंप वेगळाच ठेवा. लेबलावरचे दिवस संपेपर्यंत फवारलेला चारा दुभत्या जनावरांना घालू नये, यात तडजोड नकोच. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचा वापर केंद्राने २०२२ मध्ये पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरताच ठेवला होता.

५. घास मोडल्यावर खरिपात चाऱ्याची ज्वारी दाट पेरा. हरणखुरीला सावली सोसत नाही.

६. बियांवर आलेली वेल गोठ्यात नेऊ नका. तिचं टणक बी गुरांच्या पोटातून शाबूत निघू शकतं आणि मातीत वीस-वीस वर्षं टिकतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा.