ड जीवनसत्त्व आणि बालकांचा आकस्मिक मनोविकार

घसा दुखून ताप येतो व उतरतो. परंतु काही दिवसांतच हसते-खेळते मूल एकाएकी वारंवार हात धुऊ लागते, डोळे मिचकावते, आईला क्षणभरही सोडीत नाही. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटत असावी, असे अनुमान अमेरिकेतील डॉ. सुझन स्वीडो व सहकाऱ्यांनी १९९८ साली ५० बालकांच्या अभ्यासातून मांडले. या विकारास 'पँडास' म्हणतात.

अशा मुलांत ड जीवनसत्त्व कमी असल्याचे इटलीतील अभ्यासात आढळले. हे जीवनसत्त्व प्रतिकारशक्तीचा तोल राखते. तथापि ही कमतरता आजाराचे कारण की घरात कोंडून राहिल्याचा परिणाम, हे सिद्ध झालेले नाही. भारतातील २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के मुलांत ती आढळली. त्या सर्वांना काही हा विकार नसतो.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे, की कमतरता डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य भरून काढावी. मात्र त्यावर विसंबून घशाची तपासणी व मनोविकारतज्ज्ञांचे उपचार लांबवू नयेत. अतिरिक्त मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते. दात्यांचा निधीही केवळ औषधाच्या बाटलीवर नव्हे, तर अचूक निदानावर खर्च व्हावा, हीच आमची भूमिका आहे.