जुन्या मोटारींचे दुकान : पहिल्या तीन वर्षांतील धडे



आपल्याकडे मुलगा पदवीधर झाला की घरात पहिला प्रश्न येतो, "कोठे फॉर्म भरला?" तो प्रश्न चुकीचा नाही. नोकरीनेच आपल्या दोन पिढ्या उभ्या केल्या. परंतु "दुकान काढतो" म्हणणाऱ्या मुलाला घरात सल्ला द्यायला कोणी नसते, कारण आजोबा गिरणीत आणि वडील कचेरीत गेलेले असतात. धरमपेठेत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचे लहानसे दुकान चालविताना पहिल्या तीन वर्षांत आम्ही जे शिकलो, ते अशा मुलांसाठी येथे मांडीत आहे. यातील बहुतेक धडे भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच दुकानदारांचे उदाहरण देऊन सांगितले होते. आम्ही मात्र ते नुकसान सोसल्यावर वाचले.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात 'पापणिक' म्हणजे दुकानदार, यावर दोन छोटी सुत्ते आहेत. पहिल्यात सांगितले आहे की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि सायंकाळी कामात लक्ष घालीत नाही, त्याचे धन वाढत नाही. दुसऱ्यात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण दिले आहेत : तो चक्खुमा म्हणजे डोळस असतो, विधुर म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल असतो आणि निस्सयसंपन्न म्हणजे आधार असलेला असतो. उपदेश भिक्खूंना आहे, पण दृष्टांत बाजारातला आहे. याच तीन गुणांच्या क्रमाने पुढे जाऊ.

१. डोळस असणे

सुत्तातील डोळस दुकानदाराला माल कितीला घेतला, कितीला विकेल आणि किती उरेल, हे ठाऊक असते. आम्हाला वाटे, आम्हालाही ठाऊक आहे. एक हिशेब पाहा. गाडी १,८०,००० रुपयांना घेतली. टायर आणि क्लच यांवर १२,००० गेले, पॉलिश आणि कागदपत्रांवर ४,०००. एकूण १,९६,०००. विकली २,१०,००० ला. नफा १४,००० दिसतो. परंतु पैसा महिना दीड टक्का व्याजाचा होता. दरमहा २,९४० रुपये व्याज. गाडी चार महिने उभी राहिली, म्हणजे ११,७६० गेले. हाती उरले २,२४०, आणि त्यात दुकानभाडे धरलेले नाही!

धरमपेठेत भाडे मोठे आणि जागा लहान. वेस्ट हायकोर्ट रोडच्या मागच्या गल्लीतील आमच्या जागेत चारच गाड्या मावत. एक गाडी अडून बसली की चौथा हिस्सा दुकान बंद पडल्यासारखेच. म्हणून नियम केला : ४५ दिवसांत न गेलेली गाडी मुद्दलात विकावी, पण मोकळे व्हावे. नफा विकताना नव्हे, घेतानाच ठरतो. महाग घेतलेली गाडी कितीही चमकविली तरी महागच राहते.

कराचाही हिशेब आधीच धरावा. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या मोटारीवर जी.एस.टी. पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी आणि विक्रीतील फरकावर भरता येतो. जानेवारी २०२५ पासून तो सर्व जुन्या मोटारींना १८ टक्के आहे.

२. कुशल असणे

पहिल्या वर्षी मीटरवर ४२,००० किलोमीटर दाखविणारी एक गाडी आम्ही घेतली. रंग उत्तम, इंजिन शांत. सर्व्हिस बुक मागितले नाही. विकल्यानंतर महिनाभराने ग्राहक जुन्या सर्व्हिसची नोंद घेऊन आला. दोन वर्षांपूर्वीच ती गाडी ७०,००० च्या पुढे गेली होती. मीटर कोणीतरी मागे फिरविले होते. फसलो आम्ही, पण ग्राहकाच्या लेखी फसविणारेही आम्हीच. दोन दिवस झोप नव्हती. अखेर गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम दिली आणि तीच गाडी खरे किलोमीटर सांगून १८,००० च्या तोट्यात विकली. तो ग्राहक पुन्हा आला नाही. पण नावे ठेवीतही फिरला नाही, एवढे मिळाले.

त्यानंतर पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज, सीटची बसकण आणि मीटरचा आकडा यांचा मेळ बसतो का, हे पाहू लागलो. दारांच्या कडांवर रंगाचा थर वेगळा दिसला तर अपघाताची चौकशी करू लागलो. इंजिन नेहमी थंड असतानाच सुरू करून पाहावे. विकणारा ते आधीच तापवून ठेवीत असेल तर कारण शोधावे.

३. आधार असणे

सुत्तात म्हटले आहे की घेतलेले भांडवल वेळोवेळी परत करील असा विश्वास असलेल्या दुकानदाराला धनवंत स्वतःहून भांडवल देऊ करतात. हे खरे, पण आपल्यासाठी एक अडचण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. त्यांची जात कळताच ग्राहक येईनासे झाले. एवढ्या विद्वान अर्थशास्त्रज्ञाची ही गत! आम्ही जागा शोधत होतो तेव्हा एका घरमालकाने भाडे, अनामत सर्व मान्य केले आणि निघताना आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी जागा "भावाला द्यायची" ठरली. म्हणून नुसता प्रामाणिकपणा पुरतो असे मी म्हणणार नाही. मात्र वेळेवर भरलेल्या हप्त्यांची नोंद आडनाव विचारीत नाही. पतसंस्थेचे पहिले छोटे कर्ज आम्ही ठरल्या तारखेला फेडीत गेलो, तोच कागद पुढे बँकेत कामास आला. आपल्यापैकी एकाने बुडविलेले कर्ज मात्र पुढच्या दहा मुलांची वाट अडविते, हे विसरू नये.

४. कागद पुरा करणे

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विक्रीनंतर मालकी बदलाची सूचना देणे बंधनकारक आहे. त्यासाठी नमुना २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ लागतो. गिरीपेठेतील आर.टी.ओ. कचेरी धरमपेठेपासून जवळ असूनही "नंतर करू" ही सवय अनेकांना असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक धरला जाईल. म्हणजे आपल्या आळसाची शिक्षा, गाडी विकून निश्चिंत झालेल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना! १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला आर.टी.ओ.चे प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात आल्याची सूचना दिल्यावर तिची जबाबदारी त्याच्यावर येते. नव्या मुलांनी हे काम पहिल्या दिवशीच करावे.

५. सेरिवाणिज जातकाचा धडा

एका गरीब आजी-नातीकडे मळलेले सोन्याचे ताट होते. त्यांना ते सोन्याचे आहे हे ठाऊक नव्हते. पहिल्या फेरीवाल्याने ओळखले, पण फुकटात मिळावे म्हणून ते कवडीमोल ठरवून फेकले. दुसऱ्याने, म्हणजे बोधिसत्त्वाने, खरी किंमत सांगितली आणि जवळचे सर्व देऊन ते घेतले. लोभी फेरीवाला परत आला तेव्हा ताट गेले होते. आमच्या धंद्यात हे ताट दररोज येते. पती वारल्यावर बंद पडून असलेली गाडी विकायला आलेल्या बाईंना बाजारभाव ठाऊक नसतो. त्या वेळी जो भाव आपण सांगतो, तोच आपला पंचशीलाचा पेपर असतो.

शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी सांगितले. मोटार त्यात नाही. परंतु ब्रेक खराब असल्याचे लपवून विकलेली मोटार शस्त्राहून वेगळी कशी मानावी?

६. मिळकतीची वाटणी

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, चौथा संकटकाळासाठी. पहिल्या वर्षी आम्ही तो चौथा भाग ठेवला नव्हता. मीटरच्या प्रकरणात परत द्यायची रक्कम उसनी आणावी लागली. प्रामाणिक राहण्यालाही गाठीला पैसा लागतो, हा तीन वर्षांतील सर्वांत महाग धडा.

विद्यार्थ्यांनी मनन करावे :
(१) वरील हिशेबात गाडी पाच महिने उभी राहिली असती तर काय झाले असते?
(२) मीटरच्या प्रकरणात गाडी परत घेणे ही दुकानदाराची दया की कर्तव्य?
(३) आपल्या वस्तीतील एखाद्या दुकानदाराशी बोला. त्याच्यात सुत्तातील कोणता गुण आहे आणि कोणता उणा आहे?

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!