पिशवीतलं पोटॅशियम

प्रश्न : आई आमच्याकडे राहते. तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. हिमोग्लोबिन उतरल्याने डॉक्टर रक्त चढवायचं म्हणताहेत. साठवलेल्या रक्तात पोटॅशियम ५० पर्यंत जातं असं वाचलं आणि धास्तावलो. पुण्याहून मामा सांगतो, ताजंच रक्त मागा. मागावं का?
– एक वाचक, क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया

उत्तर : ५० हा आकडा खरा आहे. आपल्या रक्तद्रवात पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलीमोल असतं, त्यामुळे ५० वाचून छातीत धस्स होणारच. पण तो आकडा कशाचा, हे आधी पाहा.

तांबड्या पेशीत पोटॅशियम मुळातच भरपूर असतं. पेशीच्या आवरणातला पंप ते आत ओढतो आणि सोडियम बाहेर टाकतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ साली या पंपाचा शोध प्रसिद्ध केला आणि १९९७ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये, १ ते ६ अंशांवर, हा पंप जवळजवळ थंडावतो आणि पोटॅशियम दिवसेंदिवस बाहेर झिरपतं. पिशवी उभी ठेवली की गडद पेशी तळाशी बसतात, वर पातळ द्रव उरतो. ५० मिलीमोल हे त्या द्रवाचं मोजमाप, तेही ४२ व्या दिवशी, मुदत संपत आल्यावर. हा द्रव पिशवीत जेमतेम १००-१३० मिलिलिटर असतो. म्हणजे बाहेर आलेलं पोटॅशियम फार तर ५-६ मिलीमोल. एका मध्यम केळ्यात १० च्या आसपास असतं! केळं पोटातून सावकाश भिनतं आणि रक्त थेट शिरेत जातं, हा फरक मात्र विसरू नका. म्हणून रक्त किती वेगाने जातं, याला फार महत्त्व आहे. सावकाश चढवलेल्या पेशींना अंगाची ऊब मिळाली की पंप पुन्हा चालू लागतो आणि पोटॅशियम हळूहळू आत घेतो.

खरा धोका वेगळ्या ठिकाणी असतो. नवजात बाळाचं रक्त बदलताना किंवा अपघातात भराभर पिशव्या चढवताना हृदय बंद पडू शकतं. बाळांसाठी म्हणूनच ताजं किंवा धुतलेल्या पेशींचं रक्त निवडतात. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना किरणोत्सर्ग दिलेलं रक्त लागतं. त्यातून पोटॅशियम अधिक वेगाने झिरपतं, त्यामुळे अमेरिकेत ते किरण दिल्यापासून २८ दिवसांच्या आत वापरावं लागतं.

आईची मूत्रपिंडं जादा पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून तुमची काळजी रास्त आहे. डॉक्टरांना विचारा : रक्त डायलिसिस चालू असतानाच देता येईल का? पुष्कळ ठिकाणी तसंच देतात. जादा पोटॅशियम तिथेच निघून जातं. पिशवी किरणोत्सर्ग दिलेली आहे का आणि नंतर पोटॅशियम तपासणार का, हेही विचारा.

मामांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्याला आधार नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इस्रायल आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत झालेल्या 'इन्फॉर्म' अभ्यासात (२०१६) वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. ताजं रक्त मिळालेले आणि जुनं मिळालेले, यांच्यातल्या मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. ताज्या पिशव्या मोजक्याच असतात. त्या बाळांसाठी राहू द्याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक : आईचं नाव मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या यादीत असेल तर रक्त चढवण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा. परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि मग जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड जातं.